मधाळे सरांचं एकोणिसावं पान

मधाळे सरांनी बांधलेला गठ्ठा कुणाला सुटायचा नाही. उत्तरपत्रिका असोत, हजेरीपत्रकं असोत की प्रयोगशाळेतल्या जुन्या वायरी, सरांच्या हाती लागल्या की त्यांना दोरा बसलाच. सुतळी नव्हे, साधा पांढरा दोरा. तीन फेरे आणि वर बारीकशी गाठ. आमचा शिपाई शिवाप्पा त्या गाठीशी झटापट करून शेवटी ती दातानं तोडायचा आणि पुटपुटायचा, "सर, इदु बिच्चाक बरंगिल्ला." सोडायलाच येत नाही. सर हसायचे. "येतंय रं. खरं टोक वडायचं. खोटं वडलास की आवळतंय."

ती गाठ त्यांच्या आईची. आई निपाणीला बिड्या वळायची आणि बिड्यांच्या जुड्या बांधायची तिची ही खास गाठ होती. घरात ती फक्त सरांनी उचलली. त्यांच्या थोरल्या बहिणीला, आक्कांनाही ती कधी जमली नाही. मला एकदा स्टाफरूममध्ये बसवून त्यांनी शिकवली होती. सोडायला मी पाच मिनिटांत शिकले. बांधायला काही केल्या येईना. "सोडाय शिकलासा, बास झालं," सर म्हणाले. "बांधायला तुमचा जन्म जाईल, बाई."

मी बेळगावच्या त्याच कॉलेजात गणित शिकवायचे, सर पदार्थविज्ञान. ते जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांची आठवण ताजी राहावी वगैरे म्हणून मी हे लिहीत नाही. माझ्या हातून एक गोष्ट झाली, ती त्यांच्यासमोर बोलून दाखवायला मी पाच वर्षं घालवली, आणि बोलायची वेळ आली तेव्हा मला बोलावंच लागलं नाही. त्याचं ओझं अजून उतरत नाही, म्हणून लिहिते आहे.

सर उंचीनं बेताचे. बारा महिने अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, त्याच्या एका खिशात खडू, दुसऱ्यात दोऱ्याचं रीळ. लग्न केलं नाही. टिळकवाडीत पहिल्या रेल्वे गेटाजवळ एका खोलीत राहायचे आणि शनिवारी दुपारी निपाणीची गाडी पकडायचे. वर्गात बोलणं इंग्रजी, कागदावर इंग्रजी. पण कुठं काही चुकलं की तोंडातून निपाणीच बाहेर पडायची.

चुकीबद्दल त्यांचा एक कायदा होता. बिडीच्या कारखान्यात माल घेताना तपासनीस वाईट वळलेल्या बिड्या बाजूला काढतो. त्याला छाट म्हणतात. छाट नुसती बाजूला ठेवत नाहीत, मोडून टाकतात, म्हणजे बाईनं तीच उद्या परत आणू नये. "आईच्या पाटीतली छाट तो मुठीत धरून चुरगाळायचा," सर सांगायचे. "आई पदर सारका करायची आणि पाटी उचलायची." त्यामुळं दुसऱ्याच्या कामाला सरांनी जन्मात छाट म्हटलं नाही. आम्ही बाकीचे मास्तर चुकलेल्या गणितावर लाल रेघ मारून मोकळे व्हायचो. सर खाली पेन्सिलीनं दोनच शब्द लिहायचे, 'परत वळ'. कन्नड माध्यमातून आलेल्या मुलांनासुद्धा मराठीतले हे दोन शब्द पाठ झाले होते.

स्वतःच्या कामाला मात्र दयामाया नाही. लिहिलेला कागद खिडकीच्या उजेडात धरायचे, वरून खाली बघायचे, "छाट," म्हणायचे आणि चार तुकडे करून टोपलीत.

हे कागद कसले, तर कृष्णविवरांचे. अभ्यासक्रम संपवून उरलेल्या वेळात सर कृष्णविवरांवर काम करायचे. बेळगावात, भाड्याच्या खोलीत बसून, कृष्णविवरं. स्टाफरूममध्ये त्यावर हसू व्हायचं, आणि मी हसणाऱ्यांत नव्हते असं म्हटलं तर ते खोटं होईल. तोंडावर हसत नव्हते, एवढंच.

त्यांनी मला ते समजावलं होतं चहाच्या टेबलावर. "तारा म्हंजे आपल्याच वजनानं आत दबणारा ढीग बगा. आत जाळ हाय तवर तगतोय. जाळ सरला की कोसळतोय. ढीग लई मोठा असला तर कोसळायचं थांबतच न्हाय, त्याचं कृष्णविवर हुतंय. हे जगाला म्हाईत हाय. खरं, बाई, विश्वात डार्क एनर्जी बी हाय." 'पण' म्हणायच्या जागी आमच्याकडं 'खरं' म्हणतात, सर ते इतक्या गंभीरपणे म्हणायचे की नवा माणूस दचकायचा. "ती वडत न्हाय, ढकलतेय. सगळीकडं सारकी पसरल्या. एका ताऱ्याच्या कोसळण्यात तिचा जोर चिलटाएवढा बी न्हाय. खरं अंतर वाढंल तसं गुरुत्व कमी पडतंय आणि हिचं ढकलणं वाढतंय. मग लई लांब एक जागा अशी येती की दोगं बरोबरीला."

त्या जागेला सर शीव म्हणायचे. गावाची असते तशी कृष्णविवराची शीव. तिच्या आतली धूळ आज ना उद्या आत पडायची, कृष्णविवर तिच्यावर पोसायचं. बाहेरच्या धुळीला ते कितीही ओढो, ती लांब लांबच जात राहायची. "कृष्णविवराला सगळं जग गिळता येत न्हाय, बाई. त्याच्या शिवेतलं तेवढंच त्याचं."

आणि सरांचा स्वतःचा प्रश्न एवढाच होता, की ऐन शिवेवर जो धुळीचा ढग असेल त्याचं काय? तो तिथं राहील का? वर्षानुवर्षं छाट काढून काढून त्यांचं उत्तर आलं होतं, की राहील. जरा आत ढकलला तर परत शिवेवर येईल, बाहेर ढकलला तरी येईल. म्हणजे विश्वात असे ढग असले पाहिजेत, जे आत पडत नाहीत आणि पांगतही नाहीत, कृष्णविवराच्या दारात नुसते लटकून आहेत. हे सांगताना त्यांचा चहा गार व्हायचा. "मधल्यांना बी जागा हाय, बाई," म्हणायचे.

खानापुरात एका वाचनालयात त्यांनी यावर भाषण दिलं होतं, मी बरोबर गेले होते. भाषण झालं आणि अध्यक्ष उठले. म्हणाले, आपलं सीमाभागाचं असंच आहे, एक ओढतो, एक ढकलतो आणि आपण मधे लटकलोय. टाळ्यांचा नुसता कडकडाट. सर तडक उठून माइकपाशी परत गेले. "अध्यक्षसाहेब, ढगाला मत न्हाय, आपल्याला हाय. आकाशातलं गणित गावातल्या भांडणाला जोडू नका, दोन्हीचं नुकसान हुतंय." परत येताना गाडीत मी म्हटलं, सर, जरा गोड बोलायचं. ते म्हणाले, "लोकांना बरं वाटतंय म्हणून गणित बरोबर येत न्हाय." हे वाक्य मी विसरले नाही, आणि पुढं जे झालं ते बघता सरही विसरले नसतील.

निवृत्तीला वर्ष राहिलं तेव्हा त्यांनी एक गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. एक्केचाळीस पानं, तीन फेरे, वर गाठ. "आता जर्नलला धाडायचं म्हणतोय. त्याआधी तुमी एकदा बगा. आकाश-बिकाश सोडा, नुसतं गणित बगा. एकोणिसावं पान तर बगाच." मग म्हणाले, "शेवटच्या पानावर आईचं नाव घातलंय. सोनाबाई मधाळे, बिडी कामगार, निपाणी. आजवर तिचं नाव फकस्त कारखान्याच्या कार्डावर छापून आलंय."

मी गठ्ठा घरी नेला आणि कपाटात ठेवला.

त्या महिन्यात कॉलेजची तपासणी करायला समिती यायची होती. फायली, तक्ते, जुन्या नोंदी, आम्ही सगळे त्यात गळ्यापर्यंत बुडालो होतो. हे कारण खरं आहे आणि पुरेसं नाही. पूर्ण कारण असं, की मला वाटत होतं, यातून काय होणार आहे. परदेशातले मोठमोठे लोक या विषयावर बसलेत, तिथं आमच्या मधाळे सरांच्या एक्केचाळीस पानांना कोण विचारतंय. असं मी मनातल्या मनात म्हटलं आणि कपाट लावलं. रोज साडी काढताना तो गठ्ठा दिसायचा. रविवारी बघू म्हणायचे. असे तीन रविवार गेले.

चौथ्या आठवड्यात जिन्यात सर भेटले. माझ्या दोन्ही हातांत फायली. "बगितलासा काय, बाई?"

"बघितलं, सर," मी म्हटलं. "बरोबर आहे."

हे तोंडातून कसं गेलं मला माहीत नाही. नाही म्हणायला लाज वाटली आणि हो म्हणणं सोपं होतं, बस्स. पण तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. सर एक पायरी खाली उतरले, परत वर आले.

"एकोणिसावं पान?"

"तेही."

दुसऱ्या दिवशी मी गठ्ठा नेऊन दिला. सरांनी तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, गाठीवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आईची आठवण आली असेल. मग गठ्ठा पिशवीत ठेवून त्यांनी आणलेला कुंद्याचा डबा उघडला आणि स्टाफरूमभर फिरवला. "बाईंनी तपासलंय," प्रत्येकाला सांगत होते. मीही कुंदा खाल्ला.

चार-पाच महिन्यांनी कागद परत आला. पत्र अगदी सभ्य होतं. कल्पना रोचक आहे, मांडणी स्वच्छ आहे, परंतु एकोणिसाव्या पानावर एक ऋणचिन्ह सुटलं आहे आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सरांनी पत्र आणि परत आलेली प्रत माझ्यासमोर ठेवली. "छाट आली, बाई. मोडून आली."

मी एकोणिसावं पान आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा बघितलं. सरांनी आधीच्या पानांत अंतर मधून बाहेर मोजलं होतं आणि इथं बाहेरून आत मोजायला घेतलं होतं. त्या बदलात एका पदाचं ऋणचिन्ह गळलं होतं. मला ते पाच मिनिटांत दिसलं. तीन आठवडे ज्यासाठी मला सवड नव्हती त्याला पाच मिनिटं लागली.

चिन्ह गळलं म्हणून शिवेवरचा ढग खळग्यातल्या चेंडूसारखा झाला होता, कुठंही ढकला, परत तळाशी येणार. चिन्ह घातलं की तोच चेंडू तवंदी घाटाच्या माथ्यावर ठेवल्यासारखा. वाऱ्याची झुळूक आली की इकडं तरी घरंगळणार, नाही तर तिकडं. सरांचा लटकणारा ढग लटकत नव्हता. मधल्यांना जागा नव्हती.

शेवटच्या पानावर आईचं नाव होतं. आणि त्याच्या वरच्या ओळीत माझं, गणित काळजीपूर्वक तपासल्याबद्दल आभार म्हणून.

"चूक माझीच हाय," सर म्हणाले. "तुमच्या नावाला उगंच बट्टा लागला." आणि मी बया काय म्हणाले? मी म्हणाले, "होतं असं, सर." त्याच वेळी टेबलावर हात ठेवून सांगायला हवं होतं, की सर, मी उघडलंच नव्हतं. दोन वाक्यांचं काम होतं. शिवाप्पा चहा घेऊन आला, कुणीतरी तास झाल्याचं सांगितलं आणि मी खडू घेऊन वर्गात गेले.

सर निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात हार-श्रीफळ झालं, सरांनी मुलांना चार शब्द सांगितले, त्यात कृष्णविवराचा उल्लेखसुद्धा केला नाही. मग ते निपाणीला आक्कांकडं राहायला गेले. माझी लेक कोल्हापूरला दिलेली, त्यामुळं माझी गाडी महिन्या-दोन महिन्याला निपाणी स्टँडवर थांबायची. दहा मिनिटं थांबते. सरांचं घर तिथून चालत जाण्याजोगं. दर वेळी वाटायचं, उतरावं, सांगून टाकावं, मागच्या गाडीनं पुढं जावं. दर वेळी पिशवी मांडीवर घट्ट धरून मी बसून राहिले. कंडक्टरनं घंटी मारली की सुटल्यासारखं वाटायचं. अशी पाच वर्षं गेली.

शेवटी आक्कांचाच फोन आला. "बाळूचा हात लई कापतोय आता. जेवायला बी मी भरवतो. तुमचं नाव काढतोय सारकं. एकदा येऊन जावा." बाळू म्हणजे सर. आक्का 'भरवतो' म्हणतात, 'जातो' म्हणतात, तिकडच्या बायका तशाच बोलतात.

मी गेले. गाडीत वाक्य पाठ करत गेले. खिडकीपाशी खाटेवर सर बसले होते, समोर उतरतं टेबल. निम्मे झाले होते. हात मांडीवर ठेवलेले आणि ते आपले आपण हलत होते. पण मला बघितल्यावर प्रकृतीचं काही बोलायच्या आधी म्हणाले, "बाई, ढग थांबत न्हाय ते खरं. खरं, त्याला उशीर लागतोय."

"म्हणजे, सर?"

"घाटमाथ्यावरचा चेंडू पडणारच. खरं लगेच न्हाय पडत. शिवेच्या जितकं जवळ, तितका जास्त उशीर. आत पडंल न्हायतर बाहेर जाईल, खरं मधी अब्जावधी वर्षं काढतोय. तो उशीर किती, ते काढलंय मी. त्या उशिरानं कृष्णविवर किती हळू वाढतंय, ते बी काढलंय." टेबलावर चौतीस पानं होती. अक्षर आधी नेहमीचं, मग वाकडं, आणि शेवटची पानं आक्कांच्या नातीच्या अक्षरात. सर सांगत गेले होते, तिनं लिहिलं होतं.

मी पाठ केलेलं वाक्य काढलं. "सर, त्या वेळी मी..."

"आक्का, दोरा दे गं," सर म्हणाले.

पुढचं आधी सांगते. ती चौतीस पानं मी घरी आणली आणि त्याच दिवशी टेबलावर मांडली. ओळीमागून ओळ, पदामागून पद, सरांनी सोडलेल्या पायऱ्यासुद्धा भरून काढत गेले. मी सत्ताविसाव्या पानावर असताना आक्कांचा दुसरा फोन आला. निपाणीला जाऊन आले आणि उरलेली सात पानं तपासली. गणित बरोबर होतं. हे मला त्यांना सांगायचं होतं, नीट बघून, खरोखर बघून, आणि सांगायला माणूस नव्हता. त्या पाच वर्षांत एकदा गाडीतून उतरले असते तर हे काम आम्ही समोरासमोर बसून केलं असतं, त्यांचे हात धड असताना.

मग मीच तो कागद सरांच्या नावानं पाठवला. एका ठिकाणाहून परत आला, दुसरीकडं घेतला. गेल्या महिन्यात छापून आला. आभारात मी माझं नाव ठेवलेलं नाही. अंक घेऊन आक्कांकडं गेले. त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांनी चष्मा लावला, पानावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्यात आई कुटं हाय?" मी त्यांचं बोट धरून शेवटच्या ओळीवर ठेवलं. त्या बराच वेळ तिथंच बोट ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "बाळूनं बगायला पाहिजे हुतं."

पण सर म्हटलं की मला दिसतात ते त्या दुपारचेच. आक्कांनी रीळ आणून दिलं. सरांनी पानं टेबलावर आपटून सारखी करायचा प्रयत्न केला, ती अस्ताव्यस्त झाली, परत केली. दोरा बोटांतून तीनदा निसटला. आक्का म्हणाल्या, "दे रं हिकडं, मी बांधतो."

"तुला न्हाय येत ती."

मीही हात पुढं केला आणि मागं घेतला. तीन फेरे घालायलाच किती वेळ गेला. मग एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट दाबून धरत, मधे मधे ओठांत दोरा धरून, त्यांनी गाठ घातली. कपाळाला घाम आला होता. बांधून झाल्यावर गाठीवरून अंगठा फिरवला, जिन्यातल्या त्या खोट्याच्या दुसऱ्या दिवशी फिरवला होता तसाच. गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला.

"ह्या खेपेला सोडून बगा, बाई."

"सर, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"गाठ आईचीच हुती की. परत तशी बांधायला तुमाला कुटं येतंय?"

"मग तसंच का पाठवलंत? मला विचारायचं होतंत. मी बघितलं नव्हतं, तर दुसऱ्या कुणाला तरी दाखवायचं."

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुमी बरोबर हाय म्हणलासा. मला तेवढंच पाहिजे हुतं. परत बगा म्हणलो असतो तर तुमी बगितलं असतं, आणि चूक सापडली असती. मला ती सापडायला नको हुती, बाई. मधल्यांना जागा हाय असं लई वाटत हुतं मला." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "छाट दोगांची हाय. एकटीनं घिऊ नका."

माफी मागायला मी तोंड उघडलं आणि नुसती रडले. सरांनी आक्कांनी आणून ठेवलेल्या चहाकडं मान केली. "घ्या, निवतोय."

निघताना नको नको म्हणत असताना ते उंबऱ्यापर्यंत आले. चौकटीला खांदा टेकून उभे राहिले, डाव्या हातानं उजवा हात धरून ठेवलेला. गल्लीच्या वळणावर मी मागं बघितलं तर अजून तिथंच. तिथूनच त्यांनी विचारलं, "खरं टोक कुठलं, ध्यानात हाय न्हवं?"

"आहे, सर."

"मग झालं," म्हणाले आणि भिंतीला धरून आत वळले.